हात थांबला की

भुरी आमच्याकडे आली तेव्हा पाच वर्षांची होती. ती मूळची आत्याची कुत्री. आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, भुरीला फिरवायला नेणं तिला जमेना, म्हणून मी म्हटलं, माझ्याकडे दे. आत्याकडे कधीही गेलं तरी दोघी एकाच जागी सापडायच्या. आत्या खुर्चीत, भुरी तिच्या पायाशी, आत्याचा हात भुरीच्या गळ्याखाली आणि दोघींचे डोळे मिटलेले. तेच डोळ्यांसमोर ठेवून मी तिला घरी आणलं. माझ्या हाताखालीही ती तशीच विसावेल, असं मी धरूनच चालले होते.

पहिल्या दिवसापासून मी तिला भरपूर गोंजारलं. येता-जाता डोक्यावर हात, दोन्ही हातांत तोंड धरून लाड, पाठीवर थाप. मी हात वर नेला की तिची मान बोटभर खाली जायची. कान मागे चिकटायचे. जिभेचं टोक बाहेर येऊन नाक चाटून आत जायचं, इतकं झटकन की लक्ष नसेल तर दिसूही नये. मी आपली 'शहाणी गं माझी ती' म्हणत हात फिरवत राहायचे. मी थांबले की ती उठायची, दोन-चार पावलं लांब जायची आणि आंघोळ घातल्यासारखं अंग झटकायची. अंग तर कोरडं असायचं. झोप उडवत असेल, असं मला वाटायचं.

दुसऱ्या आठवड्यात ती माझ्यावर गुरगुरली. कोपऱ्यात झोपली होती. मी मागून जाऊन वाकले, दोन्ही हातांनी तिला कवेत घेतलं आणि तिच्या मानेवर गाल टेकवला. हाताखालचं तिचं अंग एकदम घट्ट झालं, श्वास थांबला, आणि घशातल्या घशात एक बारीक आवाज आला. मी हात काढले. ती उठून दाराशी जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून. मला फार लागलं ते. रात्री आत्याला फोन केला.

"आत्या, तू तिला गोंजारतेस तरी कशी?"

"मी कुठे गोंजारते गं? तीच येते. मी आपली हात खाली सोडून बसते."

"आणि नाही आली तर?"

"नाही आली तर नाही आली. दुसऱ्या कामाला लागायचं."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. बारा-तेरा दिवसांत भुरी आपणहून माझ्याकडे एकदाही आली नव्हती. प्रत्येक वेळी मीच गेले होते, वरून वाकून, हात पुढे करून.

दुसऱ्या दिवसापासून मी आत्यासारखी बसायला लागले. भुरी असेल त्या खोलीत जमिनीवरच, तिच्याकडे तोंड न करता, थोडी तिरकी. एक हात बाजूला सैल सोडलेला. तिच्याकडे टक लावून बघायचं नाही, हाक मारायची नाही. हे सोपं वाटतं, पण हाताला सवय असते, तो आपोआप पुढे जातो. पहिले तीन दिवस ती आपल्या जागेवरून नुसती बघत राहिली. चौथ्या दिवशी उठली, माझ्यामागून लांबचा वळसा घेऊन आली आणि बोटांच्या पेरांवर गरम श्वास लागला. मग नाकाचा ओला, गार टेका. मी हात हलवला नाही. तिने मनगटापर्यंत सगळं हुंगून घेतलं, निघून गेली, पाणी प्यायली, परत आली आणि या वेळी खांदा माझ्या दंडाला लावून उभी राहिली. अंगाचा भार अगदी थोडा, पण मुद्दाम टाकलेला. तिच्या गळ्याखाली दोन बोटं नेली तेव्हा मान खाली गेली नाही.

त्याच दिवसांत मी वाचायला लागले आणि त्या पहिल्या दोन आठवड्यांतलं सगळं उलगडत गेलं. नॉर्वेच्या प्रशिक्षक तुरिद रुगास यांनी कुत्र्यांच्या अशा बारीकसारीक खुणा वर्षानुवर्षं पाहून नोंदवल्या आहेत. नाक चाटणं, मान वळवणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, नजर चुकवणं. समोरच्याला शांत करण्यासाठी आणि स्वतः शांत राहण्यासाठी कुत्री हे करतात. डोळ्याच्या कडेला पांढरा चंद्रकोरीसारखा भाग दिसणं, तोंड एकदम मिटून घेणं, अंग ताठ करून थिजणं ही ताण वाढल्याची लक्षणं. आणि अंग झटकणं म्हणजे अंगावरचा ताण उतरवणं. भुरी रोज मला सांगत होती, दिवसातून दहा वेळा, तिला येत असलेल्या प्रत्येक मार्गाने. गुरगुरणं हा तिचा शेवटचा मार्ग होता, आणि तोसुद्धा तिने किती हळू आवाजात वापरला!

गुरगुरल्याबद्दल मी तिला रागावले नाही, याचं मला आज फार बरं वाटतं. तेव्हा ते कळून केलेलं नव्हतं, हिरमुसले होते म्हणून गप्प बसले होते. गुरगुरल्यावर कुत्र्याला ओरडलं, मारलं, की ते गुरगुरणं सोडून देऊ शकतं. त्याची नकोशी भावना मात्र तशीच राहते. पुढच्या वेळी इशारा न देता थेट दात लागू शकतात आणि लोक म्हणतात, काही कारण नसताना चावला.

मिठीचंही तसंच. माणूस आणि माकडांच्या कुळातले प्राणी जिवलगांना छातीशी धरतात. आपल्याला त्यात ऊब वाटते. कुत्री एकमेकांना अशी धरत नाहीत. एका कुत्र्याने दुसऱ्याच्या अंगावर पुढचे पाय टाकले तर ते खेळ, भांडण किंवा माज यातलं काहीतरी असतं. पळायची वाट बंद झाली, एवढंच मिठीतल्या कुत्र्याला कळतं. काही कुत्री आपल्या घरच्या माणसांची मिठी सहन करतात, थोडी खरोखर आवडीने घेतात. भुरी त्यातली नाही. मी परत तिला मिठी मारलेली नाही.

सगळ्यात उपयोगी पडलं ते मोजून थांबणं. तीन ते पाच सेकंद हात फिरवायचा आणि हात उचलून बाजूला घ्यायचा. मग बघायचं. जवळ सरकली, नाकाने हात ढोसला, अंग टेकवलं, तर तिला अजून हवंय. नुसती उभी राहिली, दुसरीकडे बघायला लागली, नाक चाटलं, तर पुरे. उठून गेली तर प्रश्नच नाही. मला आधी वाटायचं, तिला नको असेल तर ती उठून जाईलच की. पण हात अंगावर असताना उठून जाणं पुष्कळ कुत्र्यांना जमत नाही. ती गोठून बसतात, आणि आपण समजतो किती शांत बसलीय! हात बाजूला झाला की तिला वाट मोकळी होते. मगच ती राहते की जाते यातून काही समजतं.

सुरुवातीला पाचातल्या चार वेळा ती निघून जायची. ते बघणं जड जायचं. पण पंधरा-वीस दिवसांत उलट झालं. मी थांबले की ती मान वर करून बघायची, मग पुढचा पाय माझ्या मांडीवर ठेवायची. पुढे पुढे तर हात थांबायचा अवकाश, नाक बोटांखाली घालून हात वर उडवायची. जायला मोकळी आहोत हे कळल्यावरच ती राहायला लागली, असं मला वाटतं.

कसं आणि कुठे, हे त्यानंतर आलं. मराठीत या एका कामाला किती शब्द आहेत, आणि प्रत्येक शब्दाचा हात वेगळा आहे! थोपटणं, खाजवणं, चोळणं, कुरवाळणं, गोंजारणं, नुसता हात फिरवणं. मी एकेक करून पाहिलं. थोपटणं भुरीला अजिबात चालत नाही. आपण बाळाला झोपवताना थोपटतो, खूश झालो की पाठीवर थाप मारतो, म्हणून कुत्र्यालाही तीच देतो. तिला तो धक्का वाटतो. प्रत्येक थापेला तिच्या पापण्या मिटायच्या, हे मी थाप मारणं बंद केल्यावर माझ्या लक्षात आलं. भराभर चोळलं की ती चेव येऊन उड्या मारायला लागते, तेव्हा ते खेळताना ठीक. निवांत बसलेली असताना तिला हवा असतो केसांच्या दिशेने जाणारा सावकाश हात, पूर्ण तळवा टेकवलेला, खांद्यापासून बरगड्यांपर्यंत. आणि खाजवणं फक्त दोन ठिकाणी: छातीच्या मधोमध आणि गळपट्ट्याखाली मानेला. पट्ट्याखालच्या जागेला ती मान अशी ताणून देते की खालचा ओठ लोंबायला लागतो.

छाती, खांदा, मानेची बाजू, कानाचं मूळ या जागा बहुतेक कुत्र्यांना मानवतात. डोक्यावरून येणारा हात, धरलेलं तोंड, पंजे आणि शेपटी या जागी कुत्री जास्त बिचकतात. त्याला कारणंही आहेत. वरून येणारा हात डोळ्यांवर येतो आणि त्यामागे काय आहे ते दिसत नाही. तोंडावरच्या आणि भुवयांवरच्या मिशांची मुळं मज्जातंतूंनी भरलेली असतात, म्हणून तिथला जाड हाताचा स्पर्श फार जोरात पोचतो. पंजे तर तिच्या चालण्या-पळण्याचं साधन, ते दुसऱ्याच्या हातात देणं सोपं नाही. तरी आवड ज्याची त्याची. आत्या म्हणते, तिच्या आधीच्या कुत्र्याला शेपटीच्या मुळाशी खाजवलं की तो उठूच द्यायचा नाही. भुरी तिथे हात लागला की गर्रकन वळून बघते.

पोटाच्या बाबतीत मी आणि माझी लेक, दोघी फसलो होतो. लेक सात वर्षांची. एक दिवस ती धावत गेली तर भुरी तिच्यासमोर उताणी झाली. "आई, बघ, पोट खाजवायला सांगतेय!" मी लेकीला थांबवलं आणि दोघींनी लांबूनच नीट बघितलं. पाय आखडून घेतलेले, शेपूट पोटाकडे वळवलेली, तोंड गच्च मिटलेलं, डोळ्याची पांढरी कड दिसतेय. ही विनवणी होती, मला काही करू नकोस अशी. लेक मागे सरली आणि खाली बसली, तेव्हा भुरी पालथी झाली आणि लगेच अंग झटकलं. त्यानंतर काही महिन्यांनी ती खरोखर पोटासाठी लोळली. तेव्हा सगळंच निराळं होतं. पाय चारी दिशांना सैल पडलेले, तोंड उघडं, जीभ एका बाजूला, कंबर इकडून तिकडे हलतेय. ती लोळण बघितल्यावर पहिलीशी तिची गल्लत होणं शक्यच नाही.

बरगड्यांच्या बाजूला एका जागी खाजवलं की मागचा पाय आपोआप झटके मारायला लागतो. लेकीला त्यात फार गंमत वाटायची आणि मलाही वाटायचं की हे म्हणजे भलतंच आवडलेलं दिसतंय. पण ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. अंगावर किडा-माशी बसल्यासारखा निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूकडे जातो आणि पायाला हुकूम तिथूनच सुटतो, मेंदूला विचारलंच जात नाही. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हे कुत्र्यांमध्ये तपासून दाखवलं होतं. म्हणजे पाय हलतोय यावरून आवडतंय की नाही हे ठरत नाही, त्यासाठी तोंडाकडेच बघावं लागतं. भुरीचं तोंड त्या वेळी मिटलेलं असतं, म्हणून आम्ही ती जागा सोडून दिली. लेकीने थोडी कुरकुर केली, पण सोडली.

लेकीला मी एकच पद्धत शिकवली. बसायचं, भुरी येईपर्यंत थांबायचं, एकाच हाताने छातीला किंवा खांद्याला हात लावायचा, मोठ्याने 'एक, दोन, तीन' म्हणायचं आणि हात स्वतःच्या मांडीवर. मग भुरी काय म्हणते ते ऐकायचं. झोपलेली असताना, जेवत असताना जवळ जायचं नाही. याबाबत मी घरात कडक आहे आणि पाहुण्यांच्या मुलांनाही सूट देत नाही. मुलांचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो, मुलं मिठी मारतात, तोंडाला तोंड लावतात, आणि चावा बसला तर तो पुष्कळदा चेहऱ्यावर किंवा मानेवर बसतो. बऱ्याचदा तो कुत्रा घरचा नाहीतर ओळखीचाच असतो. दोष मुलाचा नसतो आणि कुत्र्याचाही नसतो. शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाने बघायला हवं होतं. लेक आता माझ्याही आधी ओळखते. परवा मी फोनवर बोलत बोलत भुरीच्या पाठीवर हात फिरवत होते, तर मला खुणेने म्हणाली, "आई, तिने तोंड फिरवलं."

बोलण्याचंही एक. मी हात फिरवताना सतत बोलायचे. अमेरिकेत झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांपुढे दोन माणसं ठेवली होती. एक नुसतं तोंडाने कौतुक करणारा, दुसरा गोंजारणारा. कुत्री गोंजारणाऱ्यापाशी राहिली. तोंडी कौतुकाचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. ते वाचल्यापासून मी गप्प बसायला लागले, आणि गप्प बसल्यावर हाताखालचं कळायला लागलं. कोपराच्या मागे, डाव्या बरगडीवर तळवा ठेवला की तिच्या हृदयाचे ठोके लागतात. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांचे अमेरिकी शिष्य हॉर्सली गँट यांनी विसाव्या शतकात कुत्र्यांचे ठोके मोजले होते. माणूस खोलीत आला की ठोके वाढायचे आणि त्याने गोंजारलं की उतरायचे. माझ्याकडे यंत्र नाही, पण तळव्याला फरक जाणवतो. सुरुवातीची लगबग पाच-सहा मिनिटांत ओसरते. मग ठोके एकसारखेही राहत नाहीत, श्वास आत घेताना जलद, सोडताना संथ. पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी घाबरून डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "निवांत असलेल्या निरोगी कुत्र्यात असं होतं. काळजी करू नका." त्या दिवसापासून मी त्या संथ ठोक्याची वाट बघत बसते.

पावसाळ्यात एकदा ती अचानक बदलली. कानाचं मूळ ही तिची लाडकी जागा. उजव्या कानामागे बोट नेलं तर डोकं काढून घेतलं. डाव्या बाजूला काही नाही. संध्याकाळी परत तेच. आधीच्या मला वाटलं असतं, आज मूड नाही. कानाची पाळी हळूच उचलून बघितली तर आतून आंबूस वास येत होता आणि कातडी लालसर दिसत होती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कानात संसर्ग झालाय. कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग आत वळते, त्यामुळे ओल आणि मळ आत अडकून राहतो. थेंब टाकायचे होते, दिवसातून दोनदा, आणि थेंब टाकायला तिला धरायचं होतं.

ते दिवस आम्हा दोघींना अवघड गेले. जे नको आहे तेही कधी कधी करावंच लागतं. मग मी एक ठरवलं. थेंबांची जागा वेगळी, गोंजारण्याची वेगळी. थेंब नेहमी खिडकीपाशी, चटईवर, बाटली आधी तिला दाखवून, हुंगू देऊन, झाल्यावर लगेच खाऊ. जमिनीवर भिंतीशी टेकून मी बसते ती जागा मात्र तिची. तिथे औषध नाही, गळपट्टा नाही, काही नाही. मी तिथे हात सोडून बसले आणि ती आली, तर ते फक्त त्यासाठीच. कान बरा झाला तरी पुढचे तीन आठवडे तिने उजवी बाजू दिली नाही. मी मागितली नाही. एका दुपारी तिने आपणहून डोकं फिरवून उजवा कान माझ्या बोटांवर टेकवला. त्या क्षणी मी रडले, हे मी आत्यालाही सांगितलं नाही.

आत्या मध्ये येऊन गेली. काठी टेकत आली, खुर्चीत बसली, हात खाली सोडला. भुरी आधी कुईं कुईं करत तिच्याभोवती फिरली, सगळं अंग शेपटीसकट हलवत, आणि मग गळा बरोबर तिच्या हाताखाली आणून बसली. मी समोर जमिनीवर होते. दहा मिनिटांनी ती उठली, माझ्यापाशी आली, बरगडी माझ्या पायाला लावून आडवी झाली आणि मान वळवून आत्याकडे बघत राहिली. आत्या म्हणाली, "जमलं गं तुला."

पंजांचं अजून जमलेलं नाही. नखं कापायला तिला डॉक्टरांकडे न्यावं लागतं आणि तिथे ती थरथरते, म्हणून मला ते घरी करायचं आहे. दोन महिने झाले. आधी खांद्यावरून हात कोपरापर्यंत, थांबायचं. मग मनगटापर्यंत, थांबायचं. काल पहिल्यांदा उजव्या पुढच्या पंजावर दोन बोटं ठेवली. तिने पंजा काढून घेतला. मी हात होता तिथेच, जमिनीवर उताणा ठेवून दिला. जरा वेळाने तिने पंजा परत आणला. हातावर नाही, हाताशेजारी, बोटभर अंतरावर. आज संध्याकाळी पुन्हा बसणार आहे.